ऑटोमॅटिक गिअरबॉक्समध्ये योग्य ऑईलच पडेल याची खात्री कशी करावी

ऑटोमॅटिक गाडी पहिल्यांदाच घरात आली की बहुतेकांना इंजिन ऑईल निवडण्याची सवय असते, आणि नेमकी तीच सवय गिअरबॉक्सच्या बाबतीत घात करते. इंजिन ऑईलच्या डब्यावर ५डब्ल्यू-३० सारखा जाडीचा आकडा आणि एपीआयचा दर्जा छापलेला असतो. हँडबुकात सांगितलेले हे दोन तपशील जुळले की ऑईल कोणत्या कंपनीचे हा प्रश्न दुय्यम ठरतो. ऑटोमॅटिक गिअरबॉक्ससाठी सगळीकडे चालणारे असे एकच मोजमाप नाही. टोयोटाचे डब्ल्यूएस, होंडाचे डीडब्ल्यू-१ आणि एचसीएफ-२, ह्युंदाई-कियाचे एसपी-४, निस्सानचे एनएस-३, जनरल मोटर्सचे डेक्स्रॉन-६, फोर्डचे मर्कॉन एलव्ही, झेडएफ या जर्मन गिअरबॉक्स कंपनीचे लाइफगार्ड ६ आणि ८ अशी ज्याची त्याची नावे आहेत, त्यांमागचे तपशील निरनिराळे आहेत, आणि एकाच कंपनीची दोन ऑईलेसुद्धा एकमेकांच्या जागी चालतील असे गृहीत धरता येत नाही.

म्हणून हे ऑईल गाडीच्या नावावरून, त्याच्या रंगावरून किंवा मेकॅनिकच्या आठवणीवरून ठरवू नये. ते गिअरबॉक्सच्या प्रकारावरून आणि त्या गिअरबॉक्ससाठी लिहून ठेवलेल्या तपशिलाच्या (स्पेसिफिकेशनच्या) नावावरून ठरते, आणि ते नाव गाडी रॅम्पवर चढण्याआधीच मालकाजवळ कागदावर असले पाहिजे. पुढचे सगळे टप्पे याच क्रमाने घेतले आहेत.

पहिला टप्पा: आपला गिअरबॉक्स कोणत्या प्रकारचा आहे

भारतात 'ऑटोमॅटिक' या एका शब्दाखाली किमान चार वेगवेगळी यंत्रे विकली जातात. पहिला प्रकार एएमटीचा. २०१४ मध्ये मारुती सेलेरिओमधून तो सर्वसामान्य ग्राहकापर्यंत पोहोचला. आतून तो साधा मॅन्युअल गिअरबॉक्स असतो. क्लच दाबणे आणि गिअर बदलणे ही कामे चालकाऐवजी एक यंत्रणा करते. त्यामुळे त्यात मॅन्युअल गिअरबॉक्सचे गिअर ऑईलच लागते, आणि क्लच चालवणारी यंत्रणा हायड्रॉलिक असेल तर तिच्यासाठी छोट्या टाकीत वेगळे ऑईल असते. दुसरा प्रकार टॉर्क कन्व्हर्टरचा, म्हणजे इंजिनची ताकद ऑईलच्या प्रवाहातून गिअरबॉक्सला देणारा, ज्याला जुनी मंडळी 'खरे ऑटोमॅटिक' म्हणतात. एटीएफ, म्हणजे ऑटोमॅटिक ट्रान्समिशन फ्लुइड, हे नाव मुळात याच गिअरबॉक्सच्या ऑईलचे. तिसरा सीव्हीटी. त्यात गिअरच नसतात, तर रुंदी बदलणाऱ्या दोन पुल्यांमधून पोलादी पट्टा किंवा साखळी फिरते. चौथा प्रकार दोन क्लचचा, म्हणजे डीसीटी किंवा डीएसजी. यात पुन्हा पोटभेद आहेत: फोक्सवॅगन पोलो जीटी टीएसआयमधला सात गिअरचा डीएसजी कोरड्या क्लचचा आहे, तर त्याच कंपनीच्या सहा गिअरच्या डीक्यू२५० मध्ये क्लच ऑईलमध्ये बुडालेले असतात. दोघांच्या ऑईलच्या गरजा साहजिकच निराळ्या आहेत.

गाडीच्या नावावरून हा प्रकार कळत नाही, हे मी मुद्दाम ठासून सांगतो, कारण दुकानात पहिला प्रश्न 'गाडी कुठली?' हाच येतो आणि उत्तर मिळताच डबा काउंटरवर येतो. २०२० च्या ह्युंदाई क्रेटाचे उदाहरण घ्या. दीड लिटर पेट्रोलला सीव्हीटी जातीचा आयव्हीटी, दीड लिटर डिझेलला सहा गिअरचा टॉर्क कन्व्हर्टर आणि १.४ लिटर टर्बो पेट्रोलला सात गिअरचा डीसीटी, असे एकाच वर्षी, एकाच शोरूममधून, एकाच नावाने तीन गिअरबॉक्स विकले गेले. मारुती बलेनो २०२२ पर्यंत सीव्हीटीसह मिळत होती. त्या वर्षीच्या नव्या गाडीत एएमटी आला. ब्रेझाने तर २०१८ मध्ये डिझेलला एएमटी, २०२० मध्ये पेट्रोलला चार गिअरचा टॉर्क कन्व्हर्टर आणि २०२२ मध्ये सहा गिअरचा टॉर्क कन्व्हर्टर असा प्रवास केला. होंडा सिटीच्या २००८ च्या पिढीत पाच गिअरचा टॉर्क कन्व्हर्टर होता आणि २०१४ च्या पिढीत सीव्हीटी. म्हणजे 'सिटी ऑटोमॅटिकचे ऑईल द्या' एवढ्या मागणीला एक बरोबर उत्तर असूच शकत नाही.

तेव्हा एका कागदावर गाडीचे मॉडेल, व्हेरिअंट, इंजिन, उत्पादनाचा महिना व वर्ष, चासी नंबर आणि गिअरबॉक्सचा प्रकार लिहावा. व्हेरिअंटचे नाव आरसी बुकात किंवा विक्रीच्या बिलावर असते. टोयोटाच्या अनेक गाड्यांवर चासी नंबरच्या पट्टीवरच 'ए/टीएम' अशा ओळीत गिअरबॉक्सचा कोड छापलेला असतो. फोक्सवॅगन आणि स्कोडाच्या गाड्यांत बूटमधल्या स्टेपनीच्या खळग्यात किंवा सर्व्हिस बुकात चिकटवलेल्या कागदावर गिअरबॉक्सचा अक्षरी कोड सापडतो. परदेशातून आणलेली किंवा परदेशात राहून विकत घेतलेली जुनी गाडी असेल तर हा कोड शोधणे अधिकच गरजेचे, कारण एकाच मॉडेलला निरनिराळ्या देशांत निरनिराळे गिअरबॉक्स दिले जातात.

चुकीचे ऑईल नेमके काय बिघडवते

ही माहिती नसेल तर 'सगळी लाल ऑईले सारखीच' हे वाक्य पटते, म्हणून इथे जरा थांबू. टॉर्क कन्व्हर्टरच्या गिअरबॉक्समध्ये ऑईल एकाच वेळी चार कामे करते. ते दातेरी चाकांना आणि बेअरिंगना वंगण पुरवते. उष्णता कूलरपर्यंत वाहून नेते. पंपातून दाबाने व्हॉल्व्हमध्ये जाऊन गिअर बदलवते. आणि आतल्या क्लचच्या चकत्या एकमेकींवर टेकताना त्यांच्यातले घर्षण किती असावे हेही तेच ठरवते. चौथे काम सर्वांत नाजूक आहे. घर्षण फार कमी झाले तर क्लच घसरतो, तापतो, जळतो. जास्त झाले तर गिअर पडताना झटका बसतो. हे घर्षण ऑईलमधल्या घर्षण-सुधारक रसायनांवर अवलंबून असते. जनरल मोटर्सने १९४९ मध्ये या कामासाठी टाइप ए हा पहिला तपशील काढला, त्या काळच्या ऑईलांमध्ये हे काम स्पर्म जातीच्या देवमाशाचे तेल करीत असे. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेत त्या तेलावर बंदी आली तेव्हा पर्याय शोधण्यासाठी सगळ्या उद्योगाला धावपळ करावी लागली. ऑईलमधला एवढासा घटक बदलला तरी गिअरबॉक्सला किती फरक पडतो, याची ती मोठी साक्ष आहे.

दुसरी गोष्ट पातळपणाची. जुनी ऑईले जाड होती, नवी इंधन वाचवण्यासाठी पातळ केली गेली. टोयोटाचे जुने टी-४ शंभर अंश सेल्सिअसला साधारण सात सेंटीस्टोकच्या (जाडी मोजण्याचे एकक) घरात असते, तर डब्ल्यूएस साडेपाचच्या आसपास. डेक्स्रॉन-६ च्या तपशिलात शंभर अंशांना ६.४ ही वरची मर्यादाच घातलेली आहे. पातळ ऑईलसाठी बांधलेल्या गिअरबॉक्सच्या व्हॉल्व्हमधून जाड ऑईल गेले, की दाब तयार व्हायला लागणारा वेळ बदलतो आणि संगणकाने मांडलेले गिअर बदलण्याचे गणित चुकते. उलट, जाड ऑईलच्या गिअरबॉक्समध्ये पातळ ऑईल घातले तर झिजलेल्या सीलमधून दाब निसटतो.

सीव्हीटीत धोका याहून मोठा आहे. तिथे पट्टा आणि पुली दोन्ही पोलादाचे असतात आणि त्यांच्या चिमट्यातल्या पकडीवरच गाडी पुढे जाते. सीव्हीटीचे ऑईल वंगण देतानाच ही पकड टिकवण्यासाठी बनवलेले असते. साधे एटीएफ त्यात घातले तर पट्टा घसरू शकतो, पुलीच्या गुळगुळीत पृष्ठभागावर ओरखडे पडतात, आणि तिथून पुढे योग्य ऑईल भरले तरी ते ओरखडे भरून निघत नाहीत. म्हणून सीव्हीटीच्या बाबतीत माझे मत कडक आहे: कंपनीच्या नावाचे आणि कंपनीने सांगितलेल्या तपशिलाचेच ऑईल घालावे, शंभर-दोनशे रुपयांच्या बचतीसाठी तिथे प्रयोग करू नयेत.

दुसरा टप्पा: तपशिलाचे नाव मिळवणे

पहिली जागा म्हणजे गाडीसोबत आलेले हँडबुक. ते पहिल्या पानापासून वाचण्याची गरज नाही. शेवटच्या भागात 'स्पेसिफिकेशन्स' नावाचे प्रकरण असते, त्यात इंजिन ऑईल, कूलंट, ब्रेक ऑईल यांच्या रांगेतच ट्रान्समिशन फ्लुइडचे नाव आणि लिटरमधले प्रमाण दिलेले असते. एकाच हँडबुकात मॅन्युअल व ऑटोमॅटिक, पेट्रोल व डिझेल असे सगळे प्रकार एकाखाली एक छापलेले असतात, त्यामुळे बोट ठेवून आपलीच ओळ वाचावी. त्या पानाचा मोबाईलवर फोटो काढून ठेवावा. हँडबुक हरवले असेल तर बहुतेक कंपन्यांच्या संकेतस्थळावरून त्याची पीडीएफ उतरवता येते. मात्र ती भारतातल्या आणि आपल्याच वर्षाच्या गाडीची आहे ना, हे मुखपृष्ठावर पाहून घ्यावे.

दुसरी जागा गाडीतच आहे. गिअरबॉक्सला डिपस्टिक, म्हणजे ऑईलची पातळी पाहण्याची पट्टी, असेल तर तिच्या मुठीवर किंवा पात्यावर बहुतेक वेळा ऑईलचे नाव कोरलेले असते. काही गाड्यांत ते भरणीच्या बुचावर असते. तिसरी जागा म्हणजे अधिकृत सर्व्हिस सेंटरचा स्पेअर पार्टचा काउंटर. तिथे चासी नंबर सांगून ऑईलचा पार्ट नंबर विचारावा. गाडीचे काम बाहेरच्या गॅरेजमध्ये करायचे असले तरी हा नंबर विचारायला संकोच करू नये, कारण चासी नंबरवरून काढलेला पार्ट नंबर हा सगळ्यांत भरवशाचा पुरावा असतो.

या तिन्ही ठिकाणची उत्तरे जुळली पाहिजेत. हँडबुकात एक नाव आणि काउंटरवर दुसरे नाव सांगितले गेले तर घाबरण्याचे कारण नाही, पण कारण विचारावे. कंपन्या जुने ऑईल बंद करून त्याच्या जागी नवे आणतात. होंडाचे जुने एटीएफ-झेड१ जाऊन डीडब्ल्यू-१ आले आणि होंडाने झेड१ च्या गाड्यांनाही तेच चालते असे सांगितले. परंतु असे नेहमीच होत नाही. टोयोटाचे डब्ल्यूएस हे टी-४ नंतरचे असले तरी टी-४ च्या गिअरबॉक्समध्ये ते चालत नाही. 'नवे म्हणजे जास्त चांगले, त्यामुळे जुन्यात चालणारच' हा तर्क म्हणूनच सोडून द्यावा आणि बदल कंपनीने लेखी सांगितला आहे का एवढेच पाहावे.

तिसरा टप्पा: डब्यावरचा मजकूर वाचणे

आपल्याकडच्या ऑईलच्या दुकानात नुसते 'एटीएफ' मागितले तर बहुधा लाल रंगाच्या ऑईलचा अर्धा किंवा एक लिटरचा डबा पुढे येतो. दुकानदाराचा त्यात दोष नाही. हायड्रॉलिक पॉवर स्टिअरिंगच्या कित्येक गाड्यांना, जीपना आणि ट्रॅक्टरना तेच ऑईल लागते आणि वर्षानुवर्षे त्याच कामासाठी ते खपते. त्यावर बहुतेक वेळा डेक्स्रॉन-२ किंवा डेक्स्रॉन-३ असे लिहिलेले असते. इथे एक गोष्ट कळून घेण्यासारखी आहे: जनरल मोटर्सने २००५ मध्ये डेक्स्रॉन-६ आणल्यावर डेक्स्रॉन-३ चे परवाने २००६ च्या अखेरीस संपवले. म्हणजे आज कोणत्याही डब्यावर डेक्स्रॉन-३ लिहिले असेल तर तो दावा ऑईल बनवणाऱ्याचा आहे, जनरल मोटर्सने तपासून दिलेला नाही. चांगल्या कंपनीचे असे ऑईल पॉवर स्टिअरिंगसाठी उत्तम चालेल, पण आजच्या सहा-आठ गिअरच्या गिअरबॉक्ससाठी ते नव्हेच.

रंगावर मुळीच विसंबू नये. गाडीखाली गळालेले ऑईल इंजिनचे की गिअरबॉक्सचे हे ओळखता यावे म्हणून एटीएफमध्ये लाल रंग घातला जाऊ लागला. त्या रंगाचा घर्षणाशी किंवा जाडीशी काही संबंध नाही. दोन अगदी भिन्न ऑईले सारखीच लाल असू शकतात, आणि सीव्हीटीची ऑईले हिरवी, निळसर किंवा पिवळसरही असतात.

डब्याच्या मागच्या बाजूला बारीक अक्षरांत गाड्यांच्या तपशिलांची यादी असते. त्या यादीच्या वर कोणते शब्द आहेत ते आधी वाचावे. 'अप्रूव्ह्ड' किंवा 'लायसन्स्ड' असे लिहून पुढे परवाना क्रमांक दिलेला असेल तर गाडीनिर्मात्याने ते ऑईल तपासलेले आहे. खऱ्या डेक्स्रॉन-६ च्या डब्यावर 'जे' या अक्षराने सुरू होणारा परवाना क्रमांक असतो. 'सुटेबल फॉर यूज इन' किंवा 'रेकमेंडेड फॉर' असे असेल तर ते ऑईल कंपनीचे स्वतःचे मत आहे. असे मत खोटेच असते असे नाही. नावाजलेल्या कंपन्यांची 'मल्टी-व्हेइकल' ऑईले पुष्कळ चाचण्यांनंतर बाजारात येतात आणि टॉर्क कन्व्हर्टरच्या वॉरंटी संपलेल्या गाडीत, आपल्या तपशिलाचे नाव यादीत स्पष्ट छापलेले असेल तर, ती वापरणारे अनुभवी मेकॅनिक आहेत. पण एकाच डब्यावर टी-४ आणि डब्ल्यूएस अशी जाड व पातळ दोन्ही नावे शेजारीशेजारी दिसली, तर ते ऑईल त्या दोघांपैकी कोणाच्या जवळचे आहे हे कंपनीच्या माहितीपत्रकातला शंभर अंशांचा आकडा पाहून तपासावे. आणि ज्या डब्यावर एटीएफ, सीव्हीटी आणि डीसीटी या तिघांनाही 'चालते' असे लिहिले आहे, तो मी तरी विकत घेणार नाही.

वॉरंटी शिल्लक असेल तर हा विचारच करू नये. वॉरंटी पुस्तिकेतल्या अटी वाचून कंपनीचेच ऑईल, शक्यतो कंपनीच्याच सर्व्हिस सेंटरमध्ये घालून घ्यावे.

चौथा टप्पा: किती घ्यायचे आणि कुठून

हँडबुकातला आकडा दोन प्रकारचा असू शकतो: गिअरबॉक्स पूर्ण कोरडा असताना मावणारे ऑईल, आणि ड्रेन प्लग (ऑईल काढण्याचे खालचे बूच) उघडून काढल्यावर पुन्हा भरावे लागणारे ऑईल. टॉर्क कन्व्हर्टर आणि कूलरच्या नळ्यांमधले ऑईल प्लग उघडून बाहेर येत नाही, त्यामुळे एका वेळी साधारण तिसरा हिस्सा ते निम्मे एवढेच बदलले जाते. निम्मे निघत असेल तर एकदा बदलून पन्नास टक्के, दोनदा बदलून पंचाहत्तर टक्के आणि तिसऱ्यांदा सुमारे सत्याऐंशी टक्के नवे ऑईल आत असते. दोन वेळांच्या मध्ये गाडी थोडी चालवून आतले ऑईल मिसळू द्यावे लागते. किती वेळा करायचे ते आधी ठरवून त्या हिशेबाने डबे घ्यावेत, म्हणजे ऐनवेळी एक लिटर कमी पडले म्हणून शेजारच्या दुकानातून 'तसलेच' आणण्याची पाळी येत नाही. चुकीचे ऑईल मिसळण्याचे हे अगदी नेहमीचे कारण आहे.

ऑईल अधिकृत सर्व्हिस सेंटरच्या काउंटरवरून किंवा ऑईल कंपनीच्या नेमलेल्या विक्रेत्याकडून घ्यावे. बिलावर ऑईलचे पूर्ण नाव, पार्ट नंबर आणि डब्यांची संख्या असावी. डब्याचे झाकण, सील, बॅच क्रमांक आणि उत्पादनाची तारीख पाहावी. बनावट ऑईल बहुधा खऱ्याच रिकाम्या डब्यात भरलेले असते, म्हणून रिकामे डबे भंगारात देताना भोक पाडून द्यावेत.

पाचवा टप्पा: गॅरेजमध्ये

जॉबकार्डवर नुसते 'गिअर ऑईल बदलणे' असे लिहू देऊ नये. तपशिलाचे पूर्ण नाव, पार्ट नंबर, लिटर आणि सध्याचे किलोमीटर लिहून घ्यावे, आणि कार्डाचा फोटो काढावा. सर्व्हिस अॅडव्हायझरशी बोललेली गोष्ट रॅम्पखाली काम करणाऱ्या मुलापर्यंत पोहोचतेच असे नाही. कार्डावर लिहिलेली पोहोचते. गॅरेज मोठ्या पिंपातून ऑईल भरत असेल तर पिंपावरचे नाव दाखवा असे सांगावे, आणि दाखवता येत नसेल तर आपण सीलबंद डबे आणून द्यावेत. शक्य असेल तर कामाच्या वेळी तिथे थांबावे आणि डबे आपल्यासमोर उघडावेत अशी विनंती करावी. सभ्यपणे विचारले तर चांगला मेकॅनिक याला नाही म्हणत नाही.

रॅम्पखाली पुढील गोष्टी घडताना पाहाव्यात. सर्वांत आधी ऑईल भरण्याचा प्लग सैल करून पाहायचा, आणि तो निघतो हे कळल्यावरच खालचा ड्रेन प्लग उघडायचा. हा क्रम उलटा झाला आणि भरण्याचा प्लग गंजून अडकलेला निघाला, तर रिकाम्या गिअरबॉक्ससह गाडी रॅम्पवरच राहते. उघडलेला प्लग गिअरबॉक्सचाच आहे ना, हेही विचारावे. काही गाड्यांत इंजिनचा आणि गिअरबॉक्सचा ड्रेन प्लग जवळजवळ असतात, इंजिनचे समजून गिअरबॉक्सचे ऑईल काढले जाते आणि मग इंजिनमध्ये दुप्पट ऑईल व गिअरबॉक्समध्ये काहीच नाही अशी स्थिती होते. ही चूक साध्या इंजिन ऑईलच्या सर्व्हिसिंगलाही होऊ शकते, त्यामुळे तेव्हाही डोळे उघडे ठेवावेत.

निघालेले ऑईल स्वच्छ पातेल्यात घेऊन मोजावे. जितके निघाले तितकेच भरणे ही सुरुवात असते. ड्रेन प्लगच्या टोकाला बहुधा चुंबक असतो आणि त्यावर राखाडी, लोण्यासारखा मऊ थर जमलेला दिसतो. तो बोटांत चोळला तर लुसलुशीत लागला पाहिजे. ती नेहमीची झीज आहे. त्यात बोचणारे कण किंवा चकचकीत तुकडे असतील, किंवा ऑईलला जळकट वास येत असेल, तर काम तिथेच थांबवून आधी गिअरबॉक्सच्या जाणकाराला दाखवावे, कारण अशा वेळी बिघाड आधीच झालेला असतो आणि नवे ऑईल तो दुरुस्त करीत नाही. प्लगचा वॉशर नवा घालावा. फिल्टर बदलता येण्यासारखा असेल तर तोही याच वेळी बदलावा.

पातळी तपासणे हा या कामाचा सगळ्यांत दुर्लक्षित भाग आहे. ऑईल तापले की फुगते, म्हणून पातळी ठरावीक तापमानालाच मोजायची असते. डिपस्टिक असलेल्या अनेक गाड्यांत ती गरम ऑईलवर, साधारण ७० ते ८० अंशांना, इंजिन चालू ठेवून आणि गिअर 'पी' मध्ये ठेवून पाहतात. होंडाच्या पुष्कळ गाड्यांत मात्र इंजिन गरम करून बंद केल्यावर एक-दीड मिनिटाच्या आत पाहायची असते. डब्ल्यूएस वापरणाऱ्या बऱ्याच टोयोटा गाड्यांना आणि डीक्यू२५० डीएसजीला डिपस्टिक नसते. तिथे स्कॅनर (गाडीच्या संगणकातली माहिती वाचणारे यंत्र) जोडून ऑईलचे तापमान ३५ ते ४५ अंशांच्या दरम्यान आणतात आणि पातळीचा प्लग उघडतात: ऑईलची धार आधी बारीक होते, मग तुटून थेंबांवर येते, आणि त्या क्षणी प्लग बंद करतात. ही मर्यादा प्रत्येक गिअरबॉक्ससाठी वेगळी असते आणि कंपनीच्या वर्कशॉप मॅन्युअलमध्ये दिलेली असते. स्कॅनर नसलेल्या गॅरेजमध्ये अशा गाडीचे काम देऊ नये. योग्य ऑईलही कमी भरले तर पंप हवा ओढतो आणि जास्त भरले तर फेस होतो, आणि दोन्ही वेळा लक्षणे चुकीच्या ऑईलसारखीच दिसतात.

काम झाल्यावर ब्रेक दाबून गिअर 'पी', 'आर', 'एन', 'डी' असा सावकाश फिरवून प्रत्येक ठिकाणी दोन-तीन सेकंद थांबावे. काही सीव्हीटी व डीसीटी गाड्यांत ऑईल बदलल्याची नोंद स्कॅनरने संगणकात करावी लागते. ती झाली का ते विचारावे. रिकामे डबे, बिल आणि जॉबकार्डाची प्रत घरी आणावी.

'आयुष्यभर बदलायला नको' असे सांगितले तर

काही गाड्यांच्या हँडबुकात गिअरबॉक्सचे ऑईल बदलण्याचा किलोमीटरचा आकडाच नसतो, आणि त्यावरून ते आयुष्यभर चालते असा समज पसरतो. झेडएफ ही गिअरबॉक्स बनवणारी कंपनी मात्र स्वतःच ८०,००० ते १,२०,००० किलोमीटर किंवा आठ वर्षे यांच्या दरम्यान बदला असे सांगते, आणि डीक्यू२५० साठी फोक्सवॅगनचा आकडा ६०,००० किलोमीटर आहे. खंडाळ्याच्या घाटात भरलेली गाडी चढवणे, किंवा मे महिन्यात विदर्भातल्या उन्हात गर्दीतून तासन्‌तास रांगत जाणे, हे कोणत्याही गिअरबॉक्ससाठी कष्टाचे काम आहे. हँडबुकात 'सिव्हिअर कंडिशन्स' म्हणून वेगळा तक्ता असतो तो आपल्यापैकी अनेकांना लागू होतो. मात्र लाखभर किलोमीटर एकदाही न बदललेले ऑईल एकदम दाबाने फ्लश करून घेऊ नये. प्लग उघडून जेवढे निघेल तेवढे बदलावे आणि काही हजार किलोमीटरनंतर पुन्हा तेच करावे.

चुकीचे ऑईल पडलेच तर

ओळखण्याच्या खुणा अशा: 'डी' टाकल्यावर गाडी उशिरा उचलते, गिअर पडताना पूर्वी नसलेला झटका येतो, इंजिनचा आवाज चढतो पण वेग वाढत नाही, साधारण पन्नास-साठच्या स्थिर वेगाला रम्बलरवरून गेल्यासारखी थरथर जाणवते, सीव्हीटीत बारीक शिट्टीसारखा आवाज येतो. ऑईल बदलल्यानंतर पहिल्या काही दिवसांत यांपैकी काही दिसले तर 'सेट व्हायला वेळ लागेल' या उत्तरावर थांबू नये. आधी पातळी आणि नंतर ऑईलचे नाव तपासून घ्यावे.

इंजिन सुरू होण्यापूर्वीच चूक लक्षात आली तर नुकसान जवळजवळ काहीच नसते: प्लग उघडून सगळे काढावे आणि योग्य ऑईल भरावे. इंजिन सुरू झाले असेल तर ऑईल टॉर्क कन्व्हर्टर आणि कूलरपर्यंत पोहोचलेले असते, त्यामुळे एकदा काढून भागत नाही. वर सांगितल्याप्रमाणे तीन किंवा अधिक वेळा बदलावे लागते, किंवा कूलरची नळी सोडवून जुने ऑईल बाहेर येत असताना त्याच प्रमाणात नवे भरण्याची पद्धत वापरावी लागते. सीव्हीटीत किंवा ओल्या क्लचच्या डीसीटीत चुकीचे ऑईल पडल्याचे कळले तर 'गॅरेजपर्यंत तरी नेऊ' असा विचार न करता गाडी तिथेच बंद करावी. ती नेण्यासाठी पूर्ण गाडी वर चढवणारा फ्लॅटबेड बोलवावा. गिअरबॉक्सला जोडलेली चाके रस्त्यावर ठेवून ओढले तर गिअरबॉक्समधले भाग फिरतात, पण इंजिन बंद असल्याने पंप ऑईल पोहोचवत नाही.

गॅरेजशी बोलताना आवाज चढवण्यापेक्षा कागद पुढे ठेवावेत: हँडबुकाच्या पानाचा फोटो, तपशिलाचे नाव लिहिलेले जॉबकार्ड, ऑईलचे बिल. निघालेल्या ऑईलचा अर्धा लिटर नमुना स्वच्छ बाटलीत, तारीख आणि किलोमीटर लिहून सील करून ठेवावा, आणि काय भरले गेले, किती वेळा बदलले, गाडी मध्ये किती किलोमीटर चालली हे सगळे त्याच गॅरेजच्या शिक्क्यासह लेखी घ्यावे. गिअरबॉक्सची तक्रार सहा महिन्यांनी किंवा वर्षाने उभी राहिली, तर वॉरंटीचा दावा असो वा ग्राहक आयोगातली तक्रार, हाच नमुना आणि हेच कागद लागतात.